पहिले तेवीस

अनिश माझा भाऊ नाही. मी त्याला भाऊ मानलं. मानीव नाती हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि त्यावर माझी दोन जाड पुस्तकं आहेत. तेव्हा या दोन विधानांतलं अंतर मला इतरांहून अधिक नीट कळायला हवं होतं.

२००३ च्या उन्हाळ्यात शॉमबर्गहून चारुदत्तकाकांचा फोन आला. काका माझ्या वडिलांचे मित्र. १९८६ साली मी नागपूरहून अमेरिकेत शिकायला आले तेव्हा पहिला महिना त्यांच्या बेसमेंटमध्ये काढला होता.

"यामिनी, आमचा पुतण्या तुमच्या राज्यात येतोय," काका म्हणाले. "डॉक्टर आहे. व्हिसासाठी तीन वर्षं आडगावी काढायची आहेत. बरोबर बायको आहे, सावनी. दोघंही शाकाहारी. तुमच्या भागात गाईंशिवाय काही पिकत नाही म्हणतात. जरा लक्ष ठेव."

ती अट अशी होती: परदेशी डॉक्टरला इथलं प्रशिक्षण संपल्यावर मायदेशी परतायचं नसेल, तर जिथे अमेरिकन डॉक्टर जायला तयार नसतात तिथे त्याने तीन वर्षं काम करायचं. अनिशच्या वाट्याला उत्तरेकडच्या गवताळ पठारावरच्या एका रिझर्व्हेशनमधलं, म्हणजे मूळ अमेरिकन जमातीसाठी राखलेल्या प्रदेशातलं, लहानसं हॉस्पिटल आलं. त्याच रिझर्व्हेशनवर मी २००१ पासून जात होते. विद्यापीठाच्या गावाहून गाडीने पाच तास. परक्या माणसाला नातलग करून घेण्याचा तिथल्या लोकांचा विधी आणि त्यातून येणारी कर्तव्यं, हा माझ्या तिसऱ्या पुस्तकाचा विषय होता.

तिथे मला जे कळलं ते बहुतेक वर्ना ग्रे हॉर्नकडून. वर्ना साठीची, रुंद चेहऱ्याची, सावकाश बोलणारी. मार खाऊन, किंवा त्याहून वाईट काही सोसून घराबाहेर पडलेल्या बायकांसाठी ती आपल्या स्वयंपाकघरातून मदतीचा एक फोन चालवत असे. मागच्या खोलीत दोन खाटा कायम तयार असत. माझ्या टेपरेकॉर्डरची तिला सवय झाली होती, आदर मात्र वाटत नसे. "मी तुझ्या पुस्तकात मेले का गं अजून?" असं ती अधूनमधून विचारी. "तुम्ही लोक आम्हाला शेवटच्या प्रकरणात मारता."

अनिशची आणि तिची भेट मीच घालून दिली. मुंबई-पुण्याकडचे लोक म्हणजे नक्की कुठले, हे मी तिला नकाशावर दाखवलं. तिने चष्मा सारखा करून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे कोलंबस ज्यांना शोधायला निघाला होता ते तुम्ही," ती म्हणाली. "पाचशे वर्षं उशिरा आलात. बस, कॉफी घे."

मला भाऊ नाही, अनिशला बहीण नाही. सावनीनेच सुचवलं की भाऊबीज करू. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये मी अनिशला ओवाळलं. पाट नव्हता, म्हणून तो मायक्रोवेव्हच्या खोक्यावर बसला होता, डोक्यावर हातरुमाल. "ताई, लवकर ओवाळ, खोकं खाली चाललंय," तो म्हणत होता आणि सावनी हसून हसून लाल झाली होती. वर्ना भिंतीला टेकून उभी राहून सगळं बघत होती. दिवा, कुंकू, अक्षता, तबकात ठेवलेली ओवाळणी. मग तिने माझ्या टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून तो सुरू आहे ना याची खात्री करून घेतली आणि माझ्याच पद्धतीने मला प्रश्न विचारले.

"आता तो तुझं काय लागतो?"

"भाऊ."

"त्याने तुझ्यासाठी काय करायचं?"

"रक्षण."

"आणि तुझ्या माणसांसाठी?"

"माझी माणसं ती त्याचीही," मी म्हटलं.

ते टेपवर आहे. मी ते नंतर बऱ्याच वेळा ऐकलं आहे. आवाजात यत्किंचितही शंका नाही. एका प्राध्यापिकेने, जिला ठाऊक होतं की समोरच्या समाजात असं वाक्य म्हणजे शपथ असते, आपल्या समाजातल्या एका गोड समारंभाचं भाषांतर शपथेत करून टाकलं, आणि वर जिलबी वाटली.

पुढच्या वसंतात वर्ना अनिशकडे एक गोधडी घेऊन आली. तुकडे जोडून केलेला मोठा आठ टोकांचा तारा, लाल-पिवळा-निळा. तिच्या लोकांत ती मानाच्या माणसाला देतात. तिला शिवायला चार महिने लागले होते. "भावाच्या घरी आपल्या हातचं पांघरूण असावं," ती म्हणाली. अनिशला गहिवरून आलं. तो खरोखर गहिवरला होता, हे मी आजही नाकारणार नाही. त्याच्या भावना नेहमीच खऱ्या असत.

२००५ च्या ऑक्टोबरमधली शेवटची शुक्रवारची सकाळ. मी वर्नाकडे मुक्कामाला होते. साडेनऊच्या सुमारास आयव्ही दारात उभी राहिली. आयव्ही वर्नाच्या बहिणीची नात, म्हणजे त्यांच्या रीतीने वर्नाचीच नात. वय एकोणीस. उंच, बास्केटबॉल खेळणारी, तिथल्याच छोट्या कॉलेजात जमीनमोजणी शिकणारी. "आमचं किती गेलं ते मोजायला आमच्यातलं कोणीतरी पाहिजे," असं ती सांगायची आणि कोणी हसलं नाही तर स्वतःच हसायची. त्या सकाळी ती तीन मैल चालत आली होती, एका पायात बूट नव्हता.

घरांमागच्या मोठ्या टाक्यांत हिवाळ्यासाठी गॅस भरून देणारी गाडी रिझर्व्हेशनच्या सीमेपलीकडच्या गावातून येते. आयव्ही घरी एकटी होती. टाकी भरून झाल्यावर पावतीवर सही हवी म्हणून तो माणूस आत आला. पुढचं मी इथे लिहिणार नाही. आयव्हीने ते चार अधिकाऱ्यांना चार वेळा सांगितलं आहे, आणि त्यातल्या तीन वेळा समोरच्याने मध्येच फोन घेतला.

तिला फक्त आंघोळ करायची होती. वर्नाने पाणी तापत ठेवलं होतं. हॉस्पिटलचं नाव तिने काढलं नाही, कारण तिच्या मागच्या खोलीत येऊन गेलेल्या बायकांपैकी हॉस्पिटलात जाऊन काही हाती लागलेली एकही तिला आठवत नव्हती. अशा तपासणीचं प्रशिक्षण घेतलेली नर्स आणि नमुने घेण्याचा संच सर्वांत जवळ होता तो एकशे नव्वद मैलांवर.

मी म्हटलं, "आंघोळ करू नकोस. इथला डॉक्टर माझा भाऊ आहे."

आयव्हीने वर्नाकडे पाहिलं. वर्नाने गॅस बंद केला.

"तो आपलाही आहे," ती म्हणाली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघी तास-सव्वा तास उभ्या होतो. आयव्ही आत होती, तिच्याबरोबर एक तरुण नर्स. मग अनिश बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने वर्नाच्या खांद्याला हात लावला आणि माझ्याशी मराठीत बोलला, कारण त्या क्षणी त्याला दुसरी कुठली भाषा सुचत नव्हती.

"ताई, दंडावर बोटं मोजता येतील अशा खुणा आहेत. गळ्यावर पण. पाठीवर, मांड्यांवर. किट नाहीये इथे, हॉस्पिटलचा कॅमेरा पण महिनाभर बंद आहे. मी घरून माझा आणला. बाळासाठी घेतलेला, सील आजच फोडलं. तेवीस फोटो काढलेत. सगळं आहे त्यात. तू काळजी करू नकोस."

"काय म्हणाला?" वर्नाने विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. तिने मान हलवली आणि म्हणाली, "बरं झालं, त्याला विचारलं."

आठवड्याने भाऊबीज होती. सावनीला तेव्हा सातवा महिना होता. मी त्याला पुन्हा ओवाळलं, आणि त्या वर्षी मला हातातलं तबक प्रथमच जड, खरं वाटलं.

आता कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं. ते समजायला अवघड नाही. विश्वास ठेवायला अवघड आहे. रिझर्व्हेशनवर त्या लोकांचे स्वतःचे पोलीस आहेत, स्वतःचं न्यायालय आहे. परंतु १९७८ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्या न्यायालयाला बाहेरच्या माणसावर खटला चालवता येणार नाही. गॅसची गाडी चालवणारा गोरा होता. म्हणजे ज्यांच्या जमिनीवर, ज्यांच्या घरात, ज्यांच्या मुलीवर हे घडलं त्यांना त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. तो अधिकार दोनशे मैलांवर बसलेल्या केंद्र सरकारच्या वकिलाचा. त्याने खटला घेतला तर न्याय. नाही घेतला तर तिथेच संपलं. त्याच्याकडे जाणार होता आयव्हीचा जबाब आणि डॉक्टरचा कागद. दुसरं काहीच नव्हतं.

आम्ही वाट पाहिली. जानेवारीत वेदांतचा जन्म झाला. २००६ च्या जुलैत अनिशची तीन वर्षं भरली आणि तो शॉमबर्गला काकांच्या घराजवळ राहायला गेला, मोठ्या ग्रुप प्रॅक्टिसमध्ये. गोधडी घडी करून बरोबर नेली. वर्नाने त्या हिवाळ्यापासून गॅस घेणं बंद केलं, कारण त्या भागात गॅस देणारी कंपनी एकच आणि तिची गाडी चालवणारा माणूसही तोच. तिने लाकडाची शेगडी बसवून घेतली. आयव्ही आपल्या आईचं घर सोडून तिच्याकडे राहायला आली आणि लाकडं फोडायला शिकली.

२००७ च्या ऑगस्टमध्ये पत्र आलं. एक परिच्छेद. पुरेशा पुराव्याअभावी प्रकरण पुढे नेता येत नाही. कायदेशीर मदत केंद्रातल्या वकीलबाईंनी आयव्हीची सही घेऊन हॉस्पिटलातून तिच्या तपासणीचा कागद मागवला. तो अर्धं पान होता. अनिशचं अक्षर मी ओळखते. 'र'ला असते तशी गाठ तो इंग्रजी अक्षरांनाही मारतो. 'रुग्ण अस्वस्थ. रुग्णाने सांगितलेली हकीकत नोंदवली. बाह्य तपासणीत उल्लेखनीय काही आढळले नाही. विश्रांतीचा सल्ला.' फोटोंचा उल्लेख नव्हता. फाइलमध्ये एकही फोटो नव्हता.

वर्नाने तो कागद टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. तिला फक्त एकच प्रश्न होता.

"तू तेव्हा मला खरं सांगितलंस ना, तो काय बोलला ते?"

दोन वर्षं ज्या भाषांतराच्या आधारावर ती थांबली होती, ते भाषांतरच आता संशयित होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला मराठी येत नव्हती.

वकीलबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं: डॉक्टरने शपथेवर दोन पानी निवेदन दिलं, आपण काय पाहिलं, फोटो काढले होते, नोंद अपुरी होती, आणि साक्षीला उभं राहण्याची तयारी दाखवली, तर प्रकरण पुन्हा उघडायला लावता येईल. त्यांनी मसुदा करून दिला. आयव्हीने तो वाचला आणि म्हणाली, "तो सही करेल. तो रडला होता, मी बघितलं." मी अनिशला फोन केले. चौथ्याला त्याने उत्तर दिलं. "ताई, फोनवर नको गं. भाऊबीजेला ये ना इकडे. काका-काकू पण विचारतात. निवांत बोलू."

अकरा नोव्हेंबर, रविवार. अनिशचं शॉमबर्गचं घर नवं होतं, दारात आकाशकंदील आणि मापात कापलेलं गवत. दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वर, काचेच्या चौकटीत, खालून दिवे सोडून, वर्नाची गोधडी लावलेली होती. कोणी पाहुणे सुचित्राकाकूंना विचारत होते, "ही कुठून घेतलीत हो? ऑथेंटिक आहे?" काकू अभिमानाने सांगत होत्या, "आमच्या अनिशला तिकडच्या पेशंटांनी दिली. फार जीव लावला पोराने तिथे."

जेवणाआधी मी अनिशला त्याच्या अभ्यासिकेत गाठलं. मसुदा त्याच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्या वाचला, मग खुर्ची ओढून बसून वाचला.

"ताई, हे मी साइन नाही करू शकत."

"का?"

"याचा अर्थ काय होतो बघ ना. मी आधी चुकीचं लिहिलं असं मीच लिहून देतोय. माझं लायसन्स जाईल."

"तू आधी चुकीचंच लिहिलं होतंस."

"इनकम्प्लीट म्हण. फॉल्स नाही." त्याने कागद उलटा ठेवला. "तू समजून घे ना. ग्रीन कार्डची फाइल तेव्हा नुकतीच टाकली होती. आमचा ग्रुप होता, सगळे असे तीन वर्षंवाले डॉक्टर, यार, कोणी अलाबामात, कोणी डकोटात. सगळ्यांचा एकच अ‍ॅडव्हाइस. कार्ड हातात येईपर्यंत कोर्टाच्या कुठल्याही कागदावर नाव येऊ द्यायचं नाही. आरोपी नाही, साक्षीदार नाही, काहीच नाही. मी काही स्ट्राँग लिहिलं असतं तर मला समन्स आलं असतं."

"कोणी धमकावलं होतं तुला?"

"नाही गं."

"हॉस्पिटलमधून कोणी काही सांगितलं?"

"नाही. कुणाला पडलेलं नव्हतं."

"साक्षीदाराचं ग्रीन कार्ड अडलं असं एक तरी उदाहरण त्या ग्रुपमध्ये होतं?"

उदाहरण नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण मीही त्याच पंथातली. १९९१ साली माझा अर्ज सरकारदरबारी पडून होता तेव्हा विद्यापीठातल्या एका निषेधपत्रावरून मी माझं नाव काढून घेतलं होतं, कोणीही सांगितलेलं नसताना. आपल्याकडे शिकलेली माणसं ग्रहणात पाणी पीत नाहीत तशी ही इथली सोवळ्याची रीत आहे: कागद येईपर्यंत कशाला शिवायचं नाही. ती मला आतून बाहेरून समजत होती. तिच्यावर मी एक बरा निबंधही लिहू शकले असते. त्याने माझा राग तसूभरही कमी झाला नाही.

"आता तर तुझ्याकडे कार्ड आहे," मी म्हटलं. "फोटो दे. निवेदन राहू दे. नुसते फोटो."

"कुठले फोटो?"

"तेवीस."

"ताई, फोटो मी काढलेच नव्हते." त्याने हे अतिशय मृदूपणे सांगितलं, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावं तसं. "काढायचा विचार होता. तू तेव्हा खूप अपसेट होतीस. आपल्याला नंतर असं वाटतं की असं झालं होतं. मेमरी असते तशी."

आणि मी, जिने आठवणीच्या अविश्वसनीयतेवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, त्या खुर्चीजवळ उभी राहून खरोखर विचार करू लागले की माझीच चूक तर नसेल. टेप फक्त ओवाळणीची होती. कॉरिडॉरमध्ये मी रेकॉर्डर नेला नव्हता. साक्षीदार एक वर्ना, आणि तिने ऐकलं होतं ते माझ्याकडून. जेवताना काकूंनी वाढलेला अनारसा मी ताटात तसाच ठेवला.

"यामिनी, काही बरं नाही का?" काकांनी विचारलं.

"जरा विसरायला होतं हल्ली," मी म्हटलं. समोरून अनिशने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

जेवणं झाल्यावर सावनीने ओवाळण्याची तयारी मांडली आणि तोवर पाहुण्यांना वेदांतचे फोटो दाखवायला टीव्हीला कॅमेरा जोडला. पडद्यावर हॉस्पिटलच्या पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं तासाभराचं बाळ आलं. सगळे "अगं बाई" म्हणाले. उजव्या कोपऱ्यात बारीक हिरव्या आकड्यांत लिहिलं होतं: ००२४.

मी आकडा पुन्हा वाचला. मग सावनीला विचारलं, "हा पहिला फोटो?"

"हो ना, ताई. कॅमेरा याच्यासाठीच घेतला होता. डिलिव्हरी होईपर्यंत उघडायचासुद्धा नाही असं मी ठरवलेलं. आईंनी सांगितलं होतं, आधी काही करू नये."

"मग चोवीस कसा?"

सावनीने पडद्याकडे नीट पाहिलं. तिला ते खरंच आजवर दिसलं नव्हतं. "अरे, हो. अनिश, चोवीस का रे?"

"टेस्ट शॉट्स असतील," अनिश म्हणाला. "दुकानातले."

"सील तू फोडलंस ना घरी," सावनी म्हणाली, आणि थांबली. ती हुशार मुलगी आहे. तिने रिमोटचं बटण दाबलं. ००२५. बाळ जांभई देत होतं. पुढे बारसं होतं, त्याच मेमरी कार्डावर. पहिल्या तेवीसांची जागा पाळण्याने, बुगडीने, घुगऱ्यांच्या पातेल्याने भरून काढली होती.

माझी आठवण शाबूत होती. ती शाबूत असल्याचा मला आनंद झाला, हेही इथे नोंदवते.

अनिश पाटावर बसला. या घरात पाट होता, चांदीची फुलं ठोकलेला. मी तबक उचललं.

"काय घालशील ओवाळणी?" मी विचारलं. हा प्रश्न बहिणी विचारतातच; सगळे हसले.

"तू सांग," तो म्हणाला, हसला नाही.

"सही."

"कसली सही?" काकांनी विचारलं. "घर घेतेस की काय यामिनी?"

"काका, याने एका मुलीच्या अंगावरच्या जखमांचे तेवीस फोटो काढले आणि पुसून टाकले. तिला त्याच्याकडे मी नेलं होतं. एका कागदावर याची सही झाली तर तिचं प्रकरण पुन्हा उभं राहील."

टीव्हीवर वेदांतला टोपडं घालत होते.

"सणाच्या दिवशी हा विषय..." काका म्हणाले आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सुचित्राकाकूंनी मात्र पुरं केलं. "दिवा लागलाय गं हातात. ओवाळून घे आधी. मग काय ते दोघं बहीण-भाऊ भांडा. पेटलेलं तबक खाली ठेवू नये."

आणि मी ओवाळलं. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, माझ्या दोन्ही पुस्तकांत नाही. एकवीस वर्षांपूर्वी ज्या बाईने मला बेसमेंटमध्ये दुलई आणून दिली होती तिने सांगितलं, आणि माझा हात उजवीकडून डावीकडे गेला. अनिशने तबकात एक शाल ठेवली. माझा रंग त्याला नेमका माहीत होता. मी ती तिथेच ठेवून निघाले. दारात सावनी आली. तिने मला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे वर पाहिलं नाही.

घरी येऊन मी चार दिवसांत माझं स्वतःचं निवेदन लिहिलं. चार पानं. तारखा, कॉरिडॉरमधलं संभाषण मूळ मराठीत आणि भाषांतरात, कॅमेऱ्याचा आकडा, अभ्यासिकेतला नकार, सोवळ्याची ती रीत. वाक्यं मी घासूनपुसून लिहिली. एका शब्दाला जागा द्यायची नाही जो उलटतपासणीत हलेल. वकीलबाईंनी वाचून सांगितलं, "उत्तम आहे. याने त्या माणसाला काही होणार नाही. डॉक्टरला होऊ शकतं, परवाना मंडळाकडे पाठवलं तर. आयव्हीची संमती लागेल." हे ऐकून मला जे वाटलं ते समाधान होतं. दुसरा शब्द वापरणं म्हणजे अनिशसारखं लिहिणं होईल.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी वर्नाकडे गेले. बाहेर शून्याखाली वीस. शेगडी धगधगत होती आणि घरभर धुराचा वास होता. मी झालेलं सगळं सांगितलं, ओवाळल्याचंसुद्धा.

वर्ना लाकूड सरकवत म्हणाली, "म्हणजे अजून भाऊच आहे तो तुझा."

"आहे."

"माझाही," ती म्हणाली. "आमच्यात काढून टाकता येत नाही. गोधडी कुठे आहे?"

"भिंतीवर. काचेत."

"पांघरायची असते ती," वर्ना म्हणाली.

आयव्ही बाहेरून लाकडांचा भारा घेऊन आली. तिने हातमोजे काढले, टेबलाशी बसली आणि निवेदन वाचायला घेतलं. तिने ते मोजणीच्या वहीसारखं वाचलं, बोट ओळीवर ठेवून. मध्ये एकदा म्हणाली, "तू खरंच प्रोफेसर आहेस. पहिलं पान संपेपर्यंत मी दारातसुद्धा आलेले नाही." चौथं पान संपल्यावर ती पुन्हा पहिल्यावर गेली आणि पेन्सिलीने समासात बारीक रेघा ओढू लागली. पाच-पाचच्या जुड्या. मी वाट पाहिली.

"तुझ्या भावाचं नाव एकतीस वेळा आहे," ती म्हणाली. "माझं अकरा. त्याचं एकदाही नाही."

"कोणाचं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती चार अधिकाऱ्यांना भेटून आलेली मुलगी होती. वर्नाने शेगडीचं दार लावलं. माझा प्रश्न तसाच त्या टेबलावर पडून राहिला आणि मला तो परत घेता आला नाही.

"डॉक्टरचं जे करायचं ते कर," आयव्ही म्हणाली. "सही देते मी. पण तुम्ही सगळे आता त्याच्याबद्दलच बोलता. तो का घाबरला, तुला किती वाईट वाटलं. वकीलबाई पण. माझ्या घरात कोणी डॉक्टर शिरला नव्हता."

मी एक कोरा कागद घेतला. नाव मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आयव्हीच्या जबाबात होतं, गॅसच्या पावतीवर होतं. सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, मी लिहिलं: कर्टिस मोर्ले, वय एक्केचाळीस, गॅसची गाडी चालवतो.

आयव्हीने कागद आपल्याकडे वळवून वाचला.

"अजूनही चालवतो," ती म्हणाली.

मी 'अजूनही' घातलं.